दाखला घेऊन जा, असे शाळेने म्हटले तर

सोलापूरच्या पूर्व भागातील एका आईचे पत्र आले आहे. नाव, शाळा आणि ओळख पटेल असा तपशील वगळून ते थोडक्यात देत आहे.

“माझा मुलगा महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत त्याची आठवीतल्या दोन मुलांशी झटापट झाली. सरांनी दप्तर तपासले, तेव्हा माझ्या सासूबाईंची विडीची पाने कापण्याची कात्री त्यात निघाली. सरांनी त्याला वर्गासमोर उभे करून पोटरीवर छडीने मारले. घरी आला तेव्हा वळ उठले होते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावले आणि ‘असा मुलगा आम्ही ठेवू शकत नाही, दाखला घेऊन जा’ असे सांगितले. आमचे मालक टॉवेल कारखान्यात आहेत. ते म्हणतात, आम्हीही मार खाल्ला, काही बिघडले नाही. तू तक्रार केलीस तर पोराचे वर्ष जाईल. शेजारची बाई म्हणते, वळांचा फोटो ग्रुपवर टाक, म्हणजे सगळे सरळ येतील. मी स्वतः शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पुढच्या बैठकीत शिस्त आणि सुरक्षेची नवी नियमावली मंजुरीला येणार आहे : रोज दप्तर तपासणी, प्रार्थनेनंतर फाटकाला कुलूप, जागोजागी कॅमेरे, आणि नियम मोडणाऱ्याला दाखला. मी त्यावर सही करावी का? मारल्याची तक्रार करावी का? की गुपचूप शाळा बदलावी?”

ताई,

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकतो आणि कारणे मागाहून सांगतो. दाखला घेऊ नका. नियमावली आज आहे त्या स्वरूपात मंजूर होऊ देऊ नका, परंतु ती फेटाळूनही लावू नका. छडीची तक्रार करा, ती लेखी करा, आणि पहिला अर्ज मुख्याध्यापकांच्याच नावे द्या. फोटो ग्रुपवर टाकू नका. मात्र या सगळ्याच्या आधी एक काम तुम्हाला घरातच करायचे आहे. तुमच्या पत्रात सरांनी काय केले, मुख्याध्यापक काय म्हणाले, मालक आणि शेजारीण काय म्हणतात, हे सर्व आले आहे. मुलाने कात्री कशासाठी नेली होती, हे मात्र कुठेच आलेले नाही. शाळेने त्याला ते विचारले नाही असे दिसते, आणि बहुधा घरीही कोणी विचारलेले नाही.

विडी वळणाऱ्या घरातला मुलगा ती कात्री जन्मापासून पाहत असतो. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली पाने, त्यावर ठेवलेला मापाचा पत्रा आणि त्याच्या कडेने सरसर फिरणारी कात्री हे रोजचे दृश्य आहे. तिला धार किती असते आणि आजी तिला कोणाला हात का लावू देत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. असा मुलगा ती दप्तरात घालतो, तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असते. कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठा कापायचा असेल आणि घरात दुसरी कात्री नसेल. मित्रांना दाखवून भाव खायचा असेल. किंवा आठवीतली ती दोन मुले त्याला बरेच दिवस अडवत असतील, पैसे मागत असतील, आणि हा घाबरून कात्री जवळ बाळगू लागला असेल. पहिल्या कारणासाठी एक ताकीद पुरेशी आहे. दुसऱ्यासाठी थोडी कडक समज हवी. तिसरे कारण खरे असेल, तर आपला मुलगा रोज भीत भीत शाळेत येत होता आणि कोणाही मोठ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता, ही बाब त्या कात्रीहून अधिक गंभीर आहे.

विचारताना वडिलांसमोर विचारू नका, आणि “का नेलीस?” असेही विचारू नका, त्या प्रश्नाला मुले हमखास “सहज” असे उत्तर देतात. “कोणासाठी नेली होतीस?” असे विचारून पाहा आणि मग गप्प बसा. पहिल्या दिवशी उत्तर आले नाही, तर एक-दोन दिवस जाऊ द्या. जे कळेल ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

कारण कोणतेही निघाले तरी एका बाबतीत शाळेची बाजू बरोबर आहे, आणि ते तुम्ही मोकळेपणाने मान्य करावे असे मला वाटते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात धारदार वस्तू येणे धोक्याचे आहे. त्या झटापटीत ती बाहेर निघाली असती, तर आज तुम्ही मला हे पत्र लिहीत नसता. कदाचित दुसऱ्याच एखाद्या आईने लिहिले असते. म्हणून तुमच्या अर्जाचे पहिले वाक्य असे असू द्या : माझ्या मुलाने शाळेत कात्री आणली ही त्याची चूक आहे, आम्ही त्याला समज दिली आहे, आणि पुन्हा असे होणार नाही याची जबाबदारी आम्ही घेत आहोत. या एका वाक्याने पुढच्या सगळ्या तक्रारीला वजन येते. पालक केवळ आपल्या मुलाची बाजू घेऊन भांडायला आलेले नाहीत, हे समोरच्याला तिथेच कळते.

आता छडीकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. जो करील त्याच्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. या कलमात मार हलका होता की जोराचा, वळ उठले की नाही, मुलाची चूक होती की नव्हती, अशी कोणतीही सूट ठेवलेली नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने तर हा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, २००० साली, तिथल्या शाळांमध्ये छडी मारण्याची मुभा देणारा नियम घटनाबाह्य ठरवला होता. मानसिक छळ म्हणजे काय, हेही ओळखायला अवघड नाही. जातीवरून किंवा आईबापांच्या धंद्यावरून बोलणे, वर्गासमोर कान धरून उठाबशा काढायला लावणे, केस वाढले म्हणून प्रार्थनेच्या रांगेत कात्री चालवणे, कोंबडा करणे, हे सगळे त्यात येते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा दिवसांत मुलाला पटांगणात उन्हात उभे करणे ही शिस्त लावणे नव्हे, त्यात मूल चक्कर येऊन पडू शकते.

तुमच्या मालकांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. त्यांच्या पिढीने मार खाल्ला आणि संसार उभे केले, हे खरेच आहे. पण त्याच वर्गात त्यांच्याबरोबर बसणारी, मार खाऊन चौथी-पाचवीतच शाळा सोडून मागावर किंवा हॉटेलात कामाला लागलेली मुलेही त्यांना आठवत असतील. “आमचे काही बिघडले नाही” असे सांगायला ती मुले आज आपल्यासमोर नाहीत, म्हणून उरलेल्यांचीच साक्ष आपल्याला ऐकू येते. मालकांची खरी भीती वेगळी असावी असे मला वाटते. तक्रार केल्यावर सर मुलावर डूख धरतील, तोंडी परीक्षेत गुण कापतील, वर्गात टोमणे मारतील, ही ती भीती आहे आणि ती बिनबुडाची नाही. तिच्यावर उपाय एकच आहे : जे काही करायचे ते लेखी करायचे, पोच घ्यायची, आणि ते समितीच्या इतिवृत्तात येईल असे पाहायचे. तोंडी कुरबुर करणाऱ्या पालकाच्या मुलाला त्रास देणे सोपे असते. कागद झाला की पुढे मुलाशी कोण कसे वागते याकडे आपोआप लक्ष राहते.

छडीबद्दल मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे, कारण तुमच्या बैठकीतली चर्चा नेमकी तिथे अडकण्याची शक्यता आहे. शिस्त कडक हवी असे म्हणणारे एका बाजूला आणि मुलांना हात लावू नका म्हणणारे दुसऱ्या बाजूला अशी विभागणी होते, आणि सुरक्षा ही कडक बाजूची मागणी आहे असे सगळे गृहीत धरतात. प्रत्यक्षात शाळेतल्या धोक्याची पहिली खबर मुलांनाच असते. कोणाच्या दप्तरात काय आहे, मागच्या जिन्याखाली कोण कोणाला अडवते, रिक्षावाले काका कसे वागतात, संडासाची कडी कधीपासून तुटली आहे, हे शिक्षकांच्या आधी मुलांना ठाऊक असते. ज्या वर्गात सांगणाऱ्यालाच आधी फटका बसतो, त्या वर्गात ही खबर शिक्षकांपर्यंत पोहोचत नाही. तुमच्या मुलाच्या दप्तरातली कात्री त्याच्या शेजारी बसणाऱ्याला त्या सकाळीच दिसली असेल, अशी दाट शक्यता आहे. तो का बोलला नाही, हा प्रश्न बैठकीत विचारा. छडी बंद करण्याची मागणी आणि सुरक्षेची मागणी या तुमच्या दोन वेगळ्या मागण्या नाहीत, हे सदस्यांना त्या एका प्रश्नातून समजेल.

दाखल्याबाबत कायदा अगदी स्पष्ट आहे. याच अधिनियमाच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली, ती पाचवी आणि आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांना त्याच वर्गात ठेवण्याविषयी आहे. काढून टाकण्यावरची बंदी तिने उठवलेली नाही. त्यामुळे “नियम मोडल्यास दाखला” हे कलम समितीने एकमताने मंजूर केले, तरी सातवीच्या मुलाच्या बाबतीत त्याला काही अर्थ नाही. पण व्यवहारात हे वेगळ्या वाटेने घडते, आणि तिथे तुम्ही सावध राहायला हवे. शाळा स्वतःहून काढल्याचे कुठेच लिहीत नाही. पालकाकडूनच अर्ज लिहून घेतला जातो : “घरगुती कारणास्तव पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा.” खाली पालकाची सही किंवा अंगठा येतो, आणि कागदोपत्री मुलगा स्वखुशीने गेलेला असतो. असा अर्ज लिहू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि फारच आग्रह झाला तर “शाळेने दाखला नेण्यास सांगितले आहे, आमची इच्छा नाही” असे लिहून खाली तारीख घाला. तोवर मुलाला रोज शाळेत पाठवत राहा. तो घरी बसला, तर गैरहजेरीचे कारण शाळेला आयते मिळेल.

तक्रारीचा क्रम असा ठेवा. वळ अजून दिसत असतील, तर सिव्हिलमध्ये केस पेपर काढून डॉक्टरांकडून नोंद करून घ्या. काही लागलेले नाही याची खात्रीही होते आणि कागदही होतो. फोटो काढा, पण ते आपल्याजवळच ठेवा. मग मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तुमची शाळा महापालिकेची असल्याने वरचा अर्ज महापालिकेच्या शिक्षण मंडळाच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेत हाच अर्ज केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, हे ग्रामीण भागातल्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. पोलिसांकडे जाण्याचा मार्गही खुला आहे. मूल ज्याच्या ताब्यात असते त्याने त्याला मारहाण करून विनाकारण यातना दिल्या, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मध्ये कैदेची तरतूद आहे. पण तुम्ही लिहिलेल्या प्रसंगात आधी शाळेला आणि शिक्षण मंडळाला संधी द्यावी, असे माझे मत आहे. हाड मोडले, कान-डोळ्याला इजा झाली, किंवा मारणे नेहमीचेच झाले असेल, तर मात्र वाट पाहू नये. मुलाला स्वतःला कोणाशी बोलायचे असेल, तर १०९८ हा क्रमांक त्याच्यासाठी आहे. तो त्याला पाठ करून द्या.

ग्रुपचा मोह आवरा. वळांच्या फोटोबरोबर मुलाचे नाव, वर्ग, शाळा सगळे फिरू लागेल. ते थांबवणे तुमच्या हातात राहणार नाही, आणि उद्या वर्गात “फोटोवाला” म्हणून तोच चिडवला जाईल. त्या आठवीतल्या मुलांची नावेही कोणीतरी टाकेल, आणि तीही बालकेच आहेत. प्रकरण लैंगिक स्वरूपाचे असेल, तर मुलाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि घडलेला प्रकार पोलिसांपासून दडवणे हाही गुन्हा ठरतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अशी बाब कळल्यावर ती पोलिसांना कळवणे मुख्याध्यापकांसह सर्वांवर बंधनकारक आहे. तुमच्या पत्रात तसे काही नाही. परंतु समितीच्या सदस्य म्हणून तुम्हाला हे ठाऊक असले पाहिजे.

नियमावलीच्या मसुद्यातली सर्वांत घाईची गोष्ट म्हणजे फाटकाचे कुलूप. बाहेरचा माणूस आत येऊ नये आणि लहान मुले मधल्या सुट्टीत रस्त्यावर जाऊ नयेत, हा हेतू रास्त आहे. पूर्व भागातल्या अरुंद रस्त्यांवरून मालाचे टेम्पो कसे धावतात, हे तुम्ही रोज पाहता. पण कुलूप लावून किल्ली कार्यालयाच्या खणात ठेवायची आणि शिपाई बाहेर गेला की कोणालाच ती सापडायची नाही, अशी व्यवस्था मी मान्य करणार नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातल्या आगीने वरच्या गवती छपराचा वर्ग पेटला आणि ९४ मुले मरण पावली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातल्या शाळांना आगीपासून सुरक्षेचे आदेश दिले. अग्निशामक साधने आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण त्यांत आहे. इतके लांब जायचे नसेल, तर मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जणांचा जीव गेला, ते सोलापुरात कोणाला सांगावे लागत नाही. तुमचे मालक त्याच धंद्यात आहेत. बंद जागेत धूर किती लवकर कोंडतो आणि बाहेर पडायची वाट किती मोलाची असते, हे त्यांनाच बैठकीत बोलू द्या. मुख्याध्यापकांना ते माझ्या शंभर वाक्यांपेक्षा अधिक पटेल, आणि मालकही तुमच्या बाजूला येतील.

फाटकाला आतून उघडणारा अडसर असावा आणि तिथे माणूस बसलेला असावा, असे लिहून घ्या. माणूस मिळत नसेल, तर किमान दोन किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे असाव्यात आणि त्यांची नावे फळ्यावर लिहिलेली असावीत. पोषण आहार शाळेतच शिजत असेल, तर गॅसची टाकी, तिची नळी आणि वर्गांपासूनचे अंतर समितीने स्वतः जाऊन पाहावे. अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचा. ती उलटून गेलेली असणे फार सर्रास घडते. वर्षातून एकदा तरी घंटा वाजवून सगळी शाळा पटांगणात किती मिनिटांत येते, हे घड्याळ लावून पाहावे.

दप्तर तपासणी रोज करण्याला माझा विरोध आहे. रोज तपासायचे म्हटले की प्रार्थनेनंतरचा पहिला तास त्यातच जातो, शिक्षक कंटाळतात, आठवडाभरात ती वरवरची होते आणि मग फक्त “तसल्या” मुलांची दप्तरे उघडली जातात. “तसली” मुले कोणती, हे वस्तीवरून आणि आडनावावरून ठरते, हे तुम्ही-मी दोघेही जाणतो. ठोस कारण असेल तेव्हाच तपासावे. ते दोन शिक्षकांसमोर करावे, मुलींचे दप्तर बाईंनीच पाहावे, आणि इतरांसमोर सामान जमिनीवर ओतू नये. वस्तू सापडली तर तिची नोंद करून ती पालकाच्या हाती सहीनिशी द्यावी. कोणत्या वस्तू आणायच्या नाहीत त्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीला घरी जाऊ द्या, आणि कार्यानुभवाला लागणारी गोल टोकाची कात्री शाळेने स्वतः ठेवावी.

कॅमेऱ्यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य सरकारने जो शासन निर्णय काढला, त्यात कॅमेरे आहेतच. कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती, आणि गैरप्रकार कळल्यापासून २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणे या गोष्टीही त्याच निर्णयात आहेत. मुख्याध्यापक कॅमेऱ्यांवर भर देतील, कारण ते बसवले की दाखवता येतात. तुम्ही उरलेल्या गोष्टींविषयी विचारा. पडताळणी किती जणांची झाली, सखी सावित्री समितीची शेवटची बैठक कधी झाली, आणि टिपलेले चित्रण प्रत्यक्ष कोण आणि कधी बघतो? मधल्या सुट्टीत जिन्याजवळ आणि नळाजवळ एक शिक्षक उभा असणे मला चार कॅमेऱ्यांपेक्षा जास्त मोलाचे वाटते.

तक्रारपेटी बहुतेक शाळांत भिंतीवर असते, गंजलेली आणि रिकामी. तिची किल्ली ज्यांच्याविषयी तक्रार येऊ शकते त्यांच्याकडेच असेल, तर मुले चिठ्ठी टाकणार नाहीत, हे उघड आहे. ती पालक-सदस्याच्या समोर ठरलेल्या वारी उघडली जावी आणि चिठ्ठ्यांची संख्या वहीत नोंदली जावी. तुमच्या भागात आणखी एक अडचण आहे. शाळा मराठी माध्यमाची असली, तरी घरात तेलुगू बोलणारी मुले अर्धीअधिक असू शकतात. कन्नड आणि उर्दू बोलणारीही असतात. घाबरलेले मूल मनातले सांगताना घरच्या बोलीत सांगते, आणि लिहिताना त्याला येईल तसे, मोडक्या मराठीत लिहिते. पेटी उघडताना तेलुगू समजणारी एक व्यक्ती हजर असावी आणि नियमावली मंजूर झाल्यावर पालकसभेत ती तेलुगूतूनही वाचून दाखवावी, हा ठराव तुम्ही स्वतः मांडा. त्याला पैसा लागत नाही आणि कोणाला नाही म्हणता येणार नाही.

जाता जाता, शाळेच्या कोपऱ्यावर पानटपरी असेल तर तिचाही विषय काढा. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि गुटखा तर राज्यात २०१२ पासून बंद आहे. मोठी मुले अशाच ठिकाणी टोळके करून उभी असतात, आणि लहान मुलांना तिथूनच जावे लागते.

राहिला शिस्तीचा भाग. दाखल्याचे कलम काढल्यावर आणि छडी बंद केल्यावर तिथे रिकामी जागा ठेवू नका, नाहीतर शिक्षक रास्तपणे विचारतील की मग आम्ही करायचे काय. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असायला हवा. तुमच्या शाळेत पट किती आहे, किती पदे रिकामी आहेत, निवडणुकीच्या आणि इतर कामांसाठी शिक्षक किती दिवस बाहेर होते, हे समितीने त्यांना आपुलकीने विचारावे. दोन वर्ग एकत्र बसवून सांभाळणाऱ्या माणसाचा हात उठतो, तेव्हा तो चुकतोच, पण त्याला तिथे एकटे सोडणारेही चुकलेले असतात. नियमावलीत पायऱ्या लिहा. आधी मुलाचे म्हणणे एकांतात ऐकून ते लिहून घेणे. मग पालकांना बोलावून समज देणे. मोडतोड केली असेल तर ती दुरुस्त करण्यात त्याला सहभागी करून घेणे. काही दिवस मधल्या सुट्टीत शिक्षकांजवळ बसवणे. आणि तरीही वागणे सुधारत नसेल, तर समुपदेशकाकडे पाठवणे. संडास धुवायला लावणे किंवा जेवण बंद ठेवणे यांतले काहीही त्यात येता कामा नये. प्रत्येक पायरीवर कोण निर्णय घेणार, हे नावानिशी नसले तरी पदानिशी लिहिलेले असावे. मारामारीत दोन बाजू असतील, तर दोन्ही बाजूंचे ऐकल्याशिवाय कोणतीही शिक्षा नाही, हेही स्वतंत्र वाक्य म्हणून घाला. तुमच्या प्रसंगात आठवीतल्या मुलांना काय विचारले गेले, ते पत्रात नाही. मुख्याध्यापकांना दिलेल्या अर्जात तो प्रश्न जरूर विचारा.

समितीचे पदसिद्ध सचिव मुख्याध्यापक असले, तरी समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, हे कायद्यानेच ठरवून दिले आहे. तुम्ही एकट्या नाही. बैठकीच्या आधी दोन-तीन पालक-सदस्यांच्या घरी जाऊन बसा आणि मसुदा त्यांना वाचून दाखवा. स्वतःच्या मुलाचे प्रकरण मात्र बैठकीत काढू नका. तो विषय अर्जाचा आहे. बैठकीत तुम्ही आई म्हणून बोललात, तर नियमावलीवरचे तुमचे सगळे म्हणणे मुलाची वकिली म्हणून बाजूला ठेवले जाईल. इतिवृत्त लिहून झाल्यावर वाचून पाहा, आपला मुद्दा त्यात आला आहे का ते तपासा, आणि मगच सही करा.

शाळा बदलण्याविषयी तुम्ही शेवटी विचारले आहे. आठवीपर्यंत दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क मुलाला आहे, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही; त्यामुळे तो मार्ग उद्याही खुला राहील आणि आज घाई करण्याचे कारण नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबा. त्या दरम्यान तो सकाळी शाळेत जाताना पोट दुखते म्हणू लागला, डबा न खाता परत आणू लागला, किंवा झोपेत दचकू लागला, तर मात्र कागदपत्रांचे काय व्हायचे ते होवो, मुलाला तिथून काढा. त्या वेळी अर्ज करताना “घरगुती कारणास्तव” असे लिहू नका, जे घडले तेच लिहा, आणि त्याची एक प्रत प्रशासनाधिकाऱ्यांकडे आधी दिलेल्या तक्रारीला जोडा.